घोड्याची गुंगी चेहऱ्यावरून ओळखायची स्केल: फेससेड

२०२१ मधे आलेली ही स्केल मला तरी आवडली. चारच गोष्टी बघायच्या, कान, डोळा किती उघडाय, वरचा ओठ आणि खालचा ओठ, प्रत्येकाला मार्क द्यायचे आणि बेरीज. मशीन नको काही नको, घोड्याला हातही लावायचा नाही.

नाहीतर आपण काय करतो, मान किती खाली गेली ते बघतो, पण दातांच्या कामाला डोकं स्टँडवर टेकवलं की मानेचा अंदाज संपला ना, तिथे चेहरा कामाला येतो. कान सैल पडून बाजूला जातात, पापणी अर्धी मिटते, खालचा ओठ लोंबायला लागतो, डेटोमिडीन (घोड्याला गुंगी आणायचं औषध) दिल्यावर हे सगळं छान दिसतं. फक्त एसीप्रोमाझीन (घोडा शांत करायचं दुसरं औषध) दिलं असेल तर मुळात गुंगी हलकीच असते, मग मार्क देताना डोकं खाजवावं लागतं. आणि नाकाला ट्विच (घोडा स्थिर उभा राहावा म्हणून वरचा ओठ आवळून धरायचा फास) लावला असेल तर वरच्या ओठाचे मार्क विसरा.

एक मोठी गोष्ट मात्र ही स्केल सांगत नाही. ओठ लोंबतोय, डोळे मिटलेत, एकदम साधू झालाय असं वाटणारा घोडासुद्धा डेटोमिडीनसारख्या औषधावर अचानक नेम धरून लाथ मारू शकतो, त्यामुळे बेरीज कितीही येऊ दे, मागच्या पायांजवळ उभं राहायचं नाही. आवाजाला, स्पर्शाला काय करतो आणि तोल किती जातोय ते वेगळं बघावंच लागतं.

पाचपैकी चार स्टार. नवीन व्हेट लोकांनी आधी औषध द्यायच्या अगोदरचा फोटो काढून ठेवा, काही घोड्यांचा ओठ एरवीपण लोंबतो.