मानवशास्त्राच्या नोट्स: आठ महिने वापरल्यावर

गेल्या जुलैत एका सीनियर ताईकडून सांस्कृतिक मानवशास्त्राच्या प्राथमिक नोट्स घेतल्या, झेरॉक्स काढून स्पायरल करून आणल्या. आता मार्च. पहिली चार पानं सुटी झालीत, नात्यांचं प्रकरण पेन्सिलीनं भरलंय. पहिल्या वर्षाला असाल तर जरूर घ्या, पण नुसत्या वाचू नका.

सुरुवातीची मानवशास्त्रज्ञ टायलरची 1871 ची संस्कृतीची व्याख्या पाठ करा आणि पुढे चला. व्हान गेनेपचे (1909) संस्कारांचे तीन टप्पेही लवकर बसतात: वेगळं होणं, मधली अवस्था, पुन्हा सामील होणं. हळद लागलेल्या नवरीला उंबरठ्याबाहेर जाऊ देत नाहीत, ती मधली अवस्था.

पैसे वसूल होतात ते नात्यांच्या प्रकरणात. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न. एवढं शिकून मी सोलापूरच्या पूर्व भागात मैत्रिणीच्या पद्मशाली (तेलुगू बोलणारा विणकर समाज) घरी वही घेऊन बसले. तिची आजी विड्या वळत होती, मांडीवर सूप.

'आत्याला काय म्हणता?'
'अत्ता.'
'सासूला?'
'अत्ता.'

मी दोन वर्तुळं काढली. आजी वहीत वाकली. 'दोन कशाला गं? एकच बाई होती की ती.' आत्याच्या मुलाशीच लग्न झालेलं! एक वर्तुळ खोडलं, तेव्हा मला 'क्रॉस कझिन' कळला. नोट्समध्ये त्याला 'विषम भावंडे' म्हटलंय. सरळ आते-मामे भावंडं लिहायला काय हरकत होती? चुलत-मावस भावंडांत लग्न चालत नाही, आते-मामे भावंडांत चालतं, गोम तिथेच आहे. घरी परतताना आठवलं, माझी आजीही सासऱ्यांना मामंजी म्हणायची. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात (1953) महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या नात्यांच्या रीतींमधल्या पट्ट्यात ठेवला, ते सोलापुरात राहून चांगलंच पटतं.

एक चूक मात्र दुरुस्त करून घ्या. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवरच्या कुला या शिंपल्यांच्या दागिन्यांच्या देवाणघेवाणीच्या नकाशात बाण उलटे आहेत. लाल शिंपल्यांचे हार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात, पांढरी शिंपल्यांची कडी त्याच्या उलट. चाचणीत माझे मार्क त्यात गेले.

क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांत जाऊन केलेल्या अभ्यासाला, जेमतेम तीन पानं दिलीत, हे मला सगळ्यात खटकलं. कुलाचा अभ्यास करणारा मॅलिनोव्स्की त्या बेटांवर राहून तिथली भाषा शिकला, त्याबद्दल एक ओळ नाही. आजी मराठी बोलल्या म्हणून माझं निभावलं. आता मैत्रिणीकडून रोज पाच तेलुगू शब्द घेते. मामा-भाचीच्या लग्नांबद्दल विचारायचं राहिलंय, ते त्यांच्याच भाषेत विचारायचंय.