रुग्णांची माहिती संशोधनाला देताना: फाइल सोपवायची की संशोधकालाच आत घ्यायचं?

नाव, पत्ता, फोन खोडला म्हणजे फाइल निनावी झाली, हा समज जुना आणि चुकीचा. १९९० च्या दशकात संशोधक लटान्या स्वीनी यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी अशाच फाइलमधून हुडकल्या. जन्मतारीख, पिन कोड आणि लिंग मतदार यादीशी ताडून.

तरीही फाइलच द्यायची, तर खाडाखोड नीट हवी. जन्मतारखेऐवजी वय द्या, आणि अमेरिकी नियमाप्रमाणे ८९ च्या पुढचे सगळे '९० व अधिक' या एकाच गटात टाका. भेटींच्या तारखा सरकवा: प्रत्येक रुग्णाला वेगळा आकडा, पण एकाच्या सगळ्या तारखांना तोच. त्यामुळे दोन तपासण्यांमधलं अंतर शाबूत राहतं. फोन नंबरचा नुसता हॅश (सूत्राने बनवलेला सांकेतिक आकडा) हा ओळख क्रमांक म्हणून वापरू नका. दहा अंकी सगळे नंबर संगणक सहज चाळून बघतो. क्रमांक यादृच्छिक घ्या, कोणता क्रमांक कुणाचा ही यादी वेगळी, कुलपात. खरी गळती होते ती डॉक्टरांच्या मोकळ्या टिपणांतून ('मुलगी याच वॉर्डात नर्स'). डोक्याच्या एमआरआयमधून तर चेहरा पुन्हा उभा करता येतो. एवढं करूनही गेलेली फाइल परत येत नाही. रुग्णाने उद्या संमती मागे घेतली, तर दिलेल्या प्रती पुसल्या की नाही, यासाठी समोरच्याच्या शब्दावरच विसंबावं लागतं.

दुसऱ्या पद्धतीत माहिती जागची हलत नाही. संशोधक लॉगिन करून आत काम करतो किंवा नुसता कोड पाठवतो (ब्रिटनमधली ओपनसेफली ही आरोग्य नोंदींची प्रणाली अशीच चालते) आणि तपासलेले तक्तेच बाहेर जातात. कोणी काय चालवलं याची नोंद राहते. संमती मागे घेतलेला रुग्ण पुढच्या आवृत्तीतून वगळता येतो. पण तपासायला जाणता माणूस लागतो आणि संशोधक ताटकळतात. चूकही होते: ५ पेक्षा कमी असलेला आकडा झाकला, पण शेजारी एकूण बेरीज उघडी ठेवली, की वजाबाकीत झाकलेला आकडा हाती येतो. आज १४ रुग्ण आणि एक अट वाढवल्यावर १३, म्हणजे उरलेला एक कोण हे ओळखीच्याला कळतं.

कृत्रिम माहिती, म्हणजे खऱ्यासारखी बनवलेली, कोडची चाचणी घ्यायला ठीक. निष्कर्ष तिच्यावर काढू नयेत.

नेहमीचा आजार, मोजके रकाने, त्याच अभ्यासापुरती घेतलेली संमती असेल तर फाइल चालेल. दुर्मिळ आजार, टिपणं, वर्षानुवर्षांच्या जोडलेल्या नोंदी असतील तर आतच. जनुकीय माहितीच्या बाबतीत मात्र तक्तेही जपून: एखाद्याचा डीएनए हाताशी असेल तर नुसत्या सरासरी आकड्यांवरूनही तो त्या अभ्यासात होता का हे ताडता येतं, असं २००८ मध्ये दिसलं, आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने असे खुले आकडे मागे घेतले.