युरोलीग २०२३-२४ : बेळगावातून पाहिलेल्या हंगामाचे परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात रात्री जागवल्या जातात त्या क्रिकेटसाठी, फार तर युरोपातल्या फुटबॉलसाठी. तिथल्या क्लब बास्केटबॉलची वर्गणी भरणारे आमच्यासारखे थोडेच. युरोलीग या युरोपातल्या अव्वल बास्केटबॉल क्लबांच्या स्पर्धेचा २०२३-२४ चा हंगाम एका सशुल्क प्रक्षेपण सेवेवर पाहिल्यावर खेळापुरते तरी पैसे वसूल झाले, असे मी म्हणेन.

त्या हंगामात अठरा संघ होते, प्रत्येकाचे ३४ साखळी सामने आणि ४० मिनिटांचा खेळ. ४८ मिनिटांच्या अमेरिकी एनबीए लीगला सरावलेल्यांना गुण कमी वाटतील, परंतु इथे प्रत्येक बास्केट झगडून मिळवावी लागते आणि मला तेच अधिक आवडते. याच हंगामात प्ले-इन फेरी आली : पहिले सहा संघ थेट बाद फेरीत गेले आणि सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना उरलेल्या दोन जागांसाठी झुंजावे लागले. गाझातल्या युद्धामुळे घरचे सामने बेलग्रेडमध्ये खेळणाऱ्या इस्राएलच्या मक्काबी तेल अवीवने याच वाटेने येऊन अथेन्सच्या पनाथिनाइकोसला पाचव्या सामन्यापर्यंत झुंजवले. बाद फेरीत तीन सामने आधी जिंकणारा पुढे जातो; चारपैकी तीन मालिका पाच सामने चालल्या. रेआल माद्रिदने तेवढे बास्कोनियाला ३-० असे गुंडाळले.

बर्लिनमधली फायनल फोर, म्हणजे उरलेल्या चार संघांची अंतिम फेरी, म्हणजे मात्र निकाली कुस्तीच. साखळीत २७ सामने जिंकून अव्वल ठरलेल्या रेआलने अंतिम सामन्याच्या दहा मिनिटांच्या पहिल्या सत्रात ३६ गुण कुटले आणि तिसऱ्या सत्रात त्यांना अवघे सात करता आले. आदल्या हंगामात तळाजवळ घसरलेल्या पनाथिनाइकोसने प्रशिक्षक एर्गिन अतामान यांच्या हाताखाली ९५-८० असा विजय मिळवून सातवे विजेतेपद पटकावले. फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कोस्तास स्लूकास हंगामाआधीच्या, २०२३ च्या उन्हाळ्यात कट्टर प्रतिस्पर्धी ऑलिम्पियाकोसमधून आला होता. (त्या क्लबच्या चाहत्यांची कल्पनाच केलेली बरी!)

सेवेबद्दल इतकी खुशी नाही. समालोचन इंग्रजीत आहे, त्याची तक्रार नाही. परंतु रेकॉर्ड केलेल्या सामन्यांच्या यादीतच निकाल छापलेला दिसतो, आणि माद्रिदचे सामने आपल्याकडे रात्री एकनंतर सुरू होत असल्याने नोकरदाराला रेकॉर्डिंगशिवाय गत्यंतर नसते. इस्तंबूल आणि लिथुआनियातल्या काउनासचे सामने बहुधा साडेअकराच्या आत-बाहेर सुरू होतात. नव्या प्रेक्षकाने शुक्रवारचा असा एखादा सामना निवडावा आणि पूर्ण हंगामाची वर्गणी त्यानंतरच भरावी.