नाडी सोडायच्या आधीच मशीनवर ८४०

लिहायची लाज वाटते, पण राग जास्त आहे, म्हणून लिहिते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी कुणी चायनीज हर्बल क्लिनिकच्या काचेवर 'मोफत तपासणी' वाचून आत शिरणार असेल तर दोन मिनिटं थांबा. माझे १,२६० पौंड गेले. ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे सुया टोचण्याच्या, कोर्सचे ८४०, औषधी पुड्यांचे ३३६, गोळ्यांचे ८४. अजून एक पेनी परत आलेली नाही.

"मुळात गेलीसच कशाला?" हे नवऱ्याने विचारून झालंय, ऑफिसातल्यांनी विचारून झालंय, फोनवर आईनेही विचारलं. तर सांगते. मला मायग्रेन आहे. दमा असल्यामुळे प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येत आणि मीटिंगमध्ये साधे साधे शब्द आठवेनासे झाले. ही दोन्ही औषधं चालत नसतील किंवा लागू पडत नसतील तर ॲक्युपंक्चरचा विचार करावा, ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० वेळा, असं इथल्या नाइसच्याच, म्हणजे कुठल्या आजारावर काय उपचार द्यावा हे सांगणाऱ्या सरकारी संस्थेच्याच, मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे मी काही अंगारेधुपारे करायला गेले नव्हते. आमच्या भागात एनएचएसमधून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतून, ते मिळेना, म्हणून हाय स्ट्रीटवरचं दुकान गाठलं. तो १० चा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

आत पांढरा कोट, नावामागे डॉक्टर. (घरी आल्यावर जीएमसीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या, रजिस्टरमध्ये नाव शोधलं. नाही. रजिस्टर ऑनलाइन आहे, फुकट आहे, दुकानात उभं राहून फोनवर बघता येतं. बघा.) जीभ बघून तो म्हणाला, "यकृतात उष्णता." मी सकाळी हळदीचं दूध पिऊन निघाले होते, जीभ पिवळी नाही तर काय निळी दिसणार? मग नाडी. इथेच आपली माणसं सापडतात. वैद्य नाडी बघतात हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे मनगटावर तीन बोटं टेकली की निम्मा विश्वास आपोआप बसतो. गोऱ्या माणसाने किमान विचारलं असतं की नाडीवरून हे कळतं कसं.

आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. त्याची बोटं माझ्या डाव्या मनगटावर होती. उजवा हात अजून बघायचा होता. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईने कार्डचं मशीन आणून माझ्या कोपरापाशी ठेवलं आणि त्याच्या स्क्रीनवर ८४०.०० हा आकडा होता. निदान झालेलं नाही, कोर्सचं नावही कुणी काढलेलं नाही, मी हो म्हटलेलं नाही, आणि रक्कम टाकून तयार! मी तो आकडा पाहिला. नीट पाहिला. आधीच्या गिऱ्हाइकाचा राहिला असेल असं मनाशी म्हटलं आणि उजवा हात पुढे केला. कुणी हसेल त्याने खुशाल हसावं, पण कपाळात घण बसत असताना माणूस स्क्रीनवरच्या आकड्यांचा अर्थ लावत बसत नाही. या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं.

नंतरचं तुम्ही ओळखलंच असेल. मूत्रपिंड कमजोर, शरीरात ओलावा, २४ सेशन लागतील. एरवी ५० पौंडांना एक, तुम्हाला ३५ ला, पण फक्त आज. क्रेडिट कार्ड काढलं तर, "मशीन घेत नाही, डेबिट द्या." हे वाक्य ऐकलंत की उठा आणि बाहेर पडा. १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत किंमत असलेली वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही दुकानदाराइतकीच जबाबदार असते. दुकान बुडालं तरी. डेबिटला हे कलम लागत नाही. मशीन का घेत नव्हतं ते मला फार उशिरा कळलं.

भिंतीवर फ्रेममध्ये कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, सर्टिफिकेट होतं, शिक्क्यासकट. मी ते वाचलं होतं हो! ॲक्युपंक्चरसाठी नोंदणीकृत, असंच त्यावर होतं. कुणालाही वाटेल, सरकारने माणूस पारखलाय. १९८२ च्या कायद्याखालची ती नोंदणी फक्त स्वच्छतेची असते. टॅटू काढणाऱ्यांना आणि कान टोचणाऱ्यांनाही तीच. सुई निर्जंतुक आहे का एवढंच तिला बघायचं असतं, ती टोचणाऱ्याला काही येतं का याच्याशी तिचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यक करणाऱ्यांची सरकारी नोंदणी आहे. इथे कुणीही पाटी लावावी. ब्रिटिश ॲक्युपंक्चर कौन्सिलसारखी सदस्ययादी आहे, पण ती ऐच्छिक. निदान त्यात नाव आहे का बघा, हा माणूस त्यातही नव्हता.

पुड्या आठवड्याला २८ पौंड, बारा आठवड्यांच्या एकदम गळ्यात मारल्या. गोळ्यांच्या सहा बाटल्या, प्रत्येकी १४. काही दिवसांनी जेवण जाईना, अंग गळून गेल्यासारखं वाटायला लागलं. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, पहिला प्रश्न केला, "यात आहे काय?" ॲरिस्टोलोकिया जातीच्या वनस्पती मूत्रपिंड निकामी करतात, म्हणून १९९९ पासून इथे त्यांच्यावर बंदी आहे, तेव्हा विचारणारच. मी दुकानात यादी मागितली. उत्तर, "घराण्याचं सूत्र आहे." यकृताच्या तपासणीत एक आकडा वाढलेला निघाला, पुड्या बंद केल्यावर उतरला. पुड्यांमुळेच वाढला असं जीपी म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. आत काय होतं तेच माहीत नाही तर म्हणणार कशाच्या जोरावर? समोर बसून तपासून तुमच्यासाठी मिसळलेली पुडी कायद्यात बसते, पण कारखान्यातून सीलबंद आलेल्या गोळ्यांना २०११ पासून परवाना लागतो. बाटलीवर टीएचआर किंवा पीएल असा नंबर शोधा. माझ्या सहाही बाटल्यांवर तो नव्हता.

आणि सुया? टोचून, पायाशी लाल दिवा लावून तो पडद्यापलीकडच्या खाटेकडे पळायचा. एकदा अशीच पडून होते तर पलीकडे गुडघ्याचं दुखणं घेऊन आलेल्या एका आजोबांना तो सांगत होता, मूत्रपिंड कमजोर, शरीरात ओलावा, २४ सेशन. माझं डोकं आणि त्यांचा गुडघा, रोग एक, उपाय एक, किंमत एक. अंगात सुया, त्यामुळे उठताही येईना. त्याच दिवशी उरलेले पैसे मागितले. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'परतावा नाही' छापलेलं दाखवलं. तशी अट अन्यायकारक म्हणून कोर्टात उडू शकते, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. आणि १४ दिवसांत रद्द करता येतं म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो नियम ऑनलाइन, फोनवर किंवा दारावर केलेल्या खरेदीचा, दुकानात जाऊन केलेल्याचा नाही.

मग सुरू झाली वरात. कौन्सिल म्हणे, जागा स्वच्छ आहे, आमचं काम संपलं. ट्रेडिंग स्टँडर्ड्सशी, म्हणजे दुकानदारांच्या लबाडीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी विभागाशी, थेट बोलता येत नाही, आधी हेल्पलाइन. हेल्पलाइनवरच्या गोड आवाजाने सगळं टाइप करून घेतलं, संदर्भ क्रमांक दिला आणि सांगितलं की विभाग तुमच्याशी संपर्क करेलच असं नाही. केलाच नाही! पोलिसांचं म्हणणं, हा दिवाणी वाद. फसवणूक नोंदवायच्या पोर्टलने आभार मानले. बिनपरवाना बाटल्यांचे फोटो औषधांचे परवाने बघणाऱ्या सरकारी संस्थेला पाठवले, त्यांनीही आभार मानले, वर हेही की पैसे मिळवून देणं आमच्या कक्षेत नाही. अहो, मग कुणाच्या कक्षेत आहे? कर महिन्याच्या महिन्याला कापून जातो, तेव्हा कक्षा विचारत नाहीत. प्रत्येक ठिकाणी तीच कहाणी पहिल्यापासून, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तोच प्रश्न, "पण तुम्ही स्वखुशीने पैसे दिले ना?"

बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे दुकानाकडून परत खेचून घेणं, मागितला तर म्हणे सेवा उपलब्ध आहे, तुम्हीच जात नाही. बरं. पुढे दुकानाला टाळं लागलं. कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसच्या साइटवर बघितलं तर कंपनी विसर्जित, आणि त्याच संचालकाची नवी कंपनी त्याच पत्त्यावर. (ही साइटही फुकट आहे. पावतीवरचं नाव आणि पाटीवरचं नाव जुळतं का, कंपनी किती जुनी आहे, हे पैसे देण्याआधी बघायचं.) आता पाटी वेगळी, काचेवर 'मोफत तपासणी' तीच. बँकेला कळवलं, आता तर सेवाही नाही. उत्तर आलं, १२० दिवसांची मुदत संपली. मुदत पैसे दिल्यापासून मोजायची की सेवा बंद पडल्यापासून, हा माझा सवाल आहे, आणि त्याला बँकेने उत्तर दिलेलं नाही. तक्रारीवर अंतिम उत्तर लेखी मागून घेतलं. ते हातात आल्यापासून सहा महिन्यांत फायनान्शियल ओम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्याकडे, जाता येतं, आणि त्याला फी नाही. माझा अर्ज गेलाय, मशीनच्या पावतीसकट. तिच्यावर वेळ छापलेली आहे आणि तपासणीच्या फॉर्मवरही. या दोन वेळांत चार मिनिटांचं अंतर आहे. त्या आजोबांच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर त्यांचीही पावती काढून बघा.