दाढेच्या जागी इम्प्लांट: अकरा महिने चावून पाहिल्यावर

इंदूरकरांना सांगायला नको, थंडी पडली की सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढया चढतात. गेल्या डिसेंबरात मी तिथे उभी राहून, जिरावण मसाला भुरभुरलेले कडकडीत गराडू उजव्या बाजूने चावून खाल्ले. त्याआधी जवळजवळ चार वर्षं मी उजवीकडे काही चावलंच नव्हतं. उजवीकडची खालची दाढ नोव्हेंबर २०२० मध्ये काढली, जुलै २०२४ मध्ये तिच्या जागी इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर, कॅप बसली, आणि आज जून २०२५ आहे. या काळात घरातल्या आणखी दोघांच्या तोंडात सर्जनचा हात लागला. तिघांचं मिळून जे कळलं ते लिहिते, कारण हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर निदान एक ऑपरेशन वाचलं असतं.

ते कसं, हे आधी. दाढ काढली ते क्लिनिक घराजवळचं, नाव लिहीत नाही. काढताना काही त्रास झाला नाही, डॉक्टरांचा हात हलका होता. पण या रिकाम्या जागेचं पुढे काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ‘मागची आहे, दिसत नाही, राहू द्या,’ एवढंच म्हणाले. मीही राहू दिली. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. सर्वात जास्त झीज पहिल्या वर्षात होते, रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढला तेव्हा माझ्या त्या जागी हाडाची रुंदी साडेचार मिलिमीटर भरली. बसवायचा स्क्रू ४.२ मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना निदान दीड-दीड मिलिमीटर हाड शिल्लक हवं. म्हणजे सातच्या वर रुंदी पाहिजे. वरची दाढही खाली कोणी अडवणारं नाही म्हणून थोडी उतरून आली होती. दाढ काढायच्या दिवशीच हा विषय निघाला असता तर तो खड्डा तेव्हाच भरून ठेवता आला असता. मला मात्र वेगळं ऑपरेशन करून हाड वाढवून घ्यावं लागलं. दाढ काढायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: खुर्चीत बसण्याआधी ‘पुढे इथे काय बसवायचं’ हे विचारा. इम्प्लांट करायचं नसेल तर नका करू, पण विचारून ठरवा.

दुसऱ्या वेळी मी ओरल सर्जनकडे, म्हणजे तोंडाची आणि जबड्याची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांकडे, गेले. बीडीएसनंतर तीन वर्षं ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीत एमडीएस केलेले डॉक्टर हे काम शिकलेले असतात. आडव्या अक्कलदाढा, जबड्यातल्या गाठी, अपघातात मोडलेल्या जबड्याला प्लेट लावणं, पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा सरळ करणं, हे सगळं त्यांच्याकडे येतं. पैशांची अडचण असेल तर इंदुरात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथेही हा विभाग आहे.

या सर्जन मॅडमनी दाढेकडे बघण्याआधी मला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगितली. सहज गेली. शेजारच्या खुर्चीवरच्या पस्तिशीतल्या माणसाची दीडच गेली. सुपारीने गालाच्या आतलं कातडं दोरीसारखं ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं, याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आहे. तरी सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन माणसं हातावर मिसळतातच. त्या माणसाला मॅडम म्हणाल्या, ‘भैया, दाढ नंतर बघू, आधी या गालाचा तुकडा तपासू.’ त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. घरात सुपारी खाणारं कोणी असेल तर आज रात्री जेवणानंतर ही तीन बोटं घालून बघायला सांगा. खर्च शून्य.

मग माझी चौकशी झाली. मला मधुमेह आहे. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.४ होतं. मॅडमनी तारीखच दिली नाही. सातच्या आसपास आणा, मग या म्हणाल्या. तेव्हा राग आला होता. दोन महिने भात-पोळी मोजून खाल्ली आणि रोज संध्याकाळी चालले. साखर वाढलेली असली की जखम भरत नाही, संसर्ग लवकर होतो, हाड स्क्रूला धरत नाही. राग धरण्यासारखं त्यात काही नव्हतं. फॉर्मवर आणखी एक प्रश्न होता: हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेता का? मी घेत नव्हते. माझ्या जाऊबाई घेतात, आणि त्यांनी दाताच्या डॉक्टरांना हे कधीच सांगितलं नव्हतं, कारण गुडघ्याच्या डॉक्टरांचं औषध दाताच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं? सांगायचं ते यासाठी, की या औषधांवर असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडतं. प्रमाण कमी आहे, पण सर्जनला माहीत असेल तर ते काळजी घेऊन योजना बदलतात.

आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, उलट झालं. हलणारा दात काढायचा होता तर त्यांनी रक्त पातळ ठेवायची गोळी पाच दिवस स्वतःच बंद केली. हृदयात स्टेंट आहे! मॅडम इतक्या चिडल्या की आबा गप्पच झाले. एखाद-दुसऱ्या दाताचं रक्त टाका घालून, दाबून थांबवता येतं. बंद पडलेल्या स्टेंटचं काय करणार? गोळी चालू ठेवायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात, आपण नाही.

आता हाड वाढवण्याबद्दल, कारण हे आपल्याकडे कोणी बोलत नाही. संमतिपत्र मी घरी आणून वाचलं. त्यात ‘बोव्हाइन’ असा शब्द होता. मुलीला विचारलं तर म्हणाली, ‘आई, म्हणजे गाईचं.’ हाड वाढवायला त्या जागी जी भुकटी भरतात, त्यातली सर्वात जास्त वापरात असलेली गाईगुरांच्या हाडांपासून केलेली असते. त्यातले सगळे सेंद्रिय अंश काढून फक्त खनिज सांगाडा ठेवलेला असतो. वर झाकायला जे पातळ पडद्यासारखं कोलॅजन लावतात तेही गुरांपासून किंवा डुकरापासून केलेलं असतं. मी रात्रभर झोपले नाही. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. दुसऱ्या दिवशी संकोचत फोन केला. मॅडम अजिबात हसल्या नाहीत. ‘बरं झालं वाचलंत, बहुतेक लोक सही करून देतात,’ म्हणाल्या. कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची भुकटीही मिळते. ती थोडी लवकर विरघळते, म्हणून आकार किती टिकेल याचा अंदाज वेगळा धरावा लागतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ती निवडली. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी बंद डबी माझ्या हातात दिली आणि वरचं नाव वाचायला लावलं. बाहेरून रव्यासारखी दिसत होती. कोणी गाईचं घेतलं तर त्यात वाईट काही नाही, ते जास्त वापरून पारखलेलं आहे. पण ज्याला फरक पडतो त्याला आधी कळायला हवं. नंतर काढून टाकता येत नाही.

अनंत चतुर्दशीच्या झाक्या (देखाव्यांची मिरवणूक) झाल्या आणि पुढच्या आठवड्यात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, भुकटी भरली. पाच महिने थांबले. मार्च २०२४ मध्ये स्क्रू.

स्क्रूच्या दिवसाची मला सर्वात जास्त भीती होती आणि तोच सर्वात सोपा गेला. भुलीची सुई टोचते तेवढीच. मग ओठाचा अर्धा भाग पोळीच्या कणकेसारखा जड होतो. दुखत नाही, पण दाब आणि थरथर कळते, जबड्यातून कानापर्यंत. सलाईनचं थंड पाणी सतत घशात उतरत राहतं. हे पाणी उगीच नसतं: ड्रिलने हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी पेशी मरू लागतात आणि मग तिथे टायटॅनियम धरत नाही. शेवटी हाताच्या पान्याने स्क्रू आवळतात, त्याचा कट-कट आवाज डोक्यात ऐकू येतो. चाळीस मिनिटांत मी बाहेर.

स्क्रू किती लांब घ्यायचा, यावर मात्र मॅडमनी स्कॅन समोर ठेवून बराच वेळ घालवला होता. खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. माझ्या हाडाच्या माथ्यापासून नसेपर्यंत १३ मिलिमीटर अंतर होतं. दोन मिलिमीटर तरी मोकळे ठेवायचे, म्हणून स्क्रू दहाचा. ‘भूल तीन-चार तासांत उतरेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ बधिर असेल तर वाट बघू नका, तेव्हाच फोन करा,’ हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं. खालची अक्कलदाढ काढतानाही हीच नस जवळ असते, शिवाय जिभेकडची दुसरी एक. तुमच्या सर्जनने नसेचं नावच काढलं नाही तर तुम्ही काढा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दिसते. हे माहीत नसलं की माणूस तिसऱ्या दिवशी आरशात बघून घाबरतो. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, चोवीस तासांनंतर मिठाच्या कोमट पाण्याने अलगद गुळण्या, आठव्या दिवशी टाके निघाले. पहिले चोवीस तास मी थुंकलेसुद्धा नाही, लाळ गिळली.

हे पुतण्याने पाळलं नाही. तो एकवीस वर्षांचा, त्याची खालची अक्कलदाढ आडवी झोपलेली होती, ती तुकडे करून काढली. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मित्रांबरोबर रसवंतीवर गेला आणि स्ट्रॉने उसाचा रस ओढला. वर सिगरेटही, हे मागाहून कळलं. चौथ्या रात्री कानापर्यंत कळा. ‘काकू, दाढ होती तेव्हासुद्धा इतकं दुखत नव्हतं,’ असं म्हणून रडला. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही त्याने खाल्ल्या होत्या, त्यांनी काही झालं नाही, होणारही नव्हतं. दाढेच्या खड्ड्यात जी रक्ताची गुठळी धरते तीच खरी मलमपट्टी. ती ओढून निघाली किंवा विरघळली की खालचं हाड उघडं पडतं, याला ड्राय सॉकेट म्हणतात. मॅडमनी खड्डा सलाईनने धुऊन लवंगेच्या वासाची औषधी पट्टी भरली आणि अर्ध्या तासात त्याचा चेहरा सैल पडला. दोन दिवसांआड तीनदा पट्टी बदलली. काढल्यानंतर पहिले दोन दिवस दुखणं ठीकच. कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटून वाढलं तर घरी गोळ्या शोधत बसू नका.

चार महिन्यांनी स्क्रूवर झिर्कोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप बसली. पहिल्या आठवड्यात विचित्र वाटायचं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, खडा आला की ती तत्काळ सांगते. इम्प्लांटला ती नाही, तो थेट हाडाला चिकटलेला. म्हणून किती जोरात चावतो आहोत हे उशिरा कळतं. पोह्यांवरच्या शेवेतला कडक तुकडा असो की अक्रोड, मी अजून जपूनच चावते. मेथीची भाजी हमखास अडकते, कारण कॅपची मान खऱ्या दाढेपेक्षा बारीक आहे आणि शेजारी फट राहते. त्या फटीत रोज रात्री बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवावा लागतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण भोवतीची हिरडी सुजून हाड खाल्लं जाऊ शकतं, आणि दुखेपर्यंत कळत नाही. हिरडीतून रक्त आलं तर ते हलकं घेऊ नका.

पाचव्या महिन्यात, गराडूच्या थोडंच आधी, कॅप हलायला लागली. माझे हातपाय गळाले, सगळं वाया गेलं असंच वाटलं. निघालं एवढंच, की कॅप धरणारा आतला छोटा स्क्रू ढिला झाला होता. वरचं छोटं भोक उघडून मॅडमनी तो ठरलेल्या जोराने (३५ न्यूटन सेंटिमीटर) पुन्हा आवळला, भोक बुजवलं, दहा मिनिटांत घरी. कॅप सिमेंटने चिकटवलेली असती तर बहुधा तोडून काढावी लागली असती, शिवाय हिरडीखाली राहिलेल्या सिमेंटने सूज येते ते वेगळंच. म्हणून माझा कौल स्क्रूने आवळलेल्या कॅपला, जिथे बसत असेल तिथे.

खर्च: स्कॅन अडीच हजार, हाड वाढवणं चौदा हजार, स्क्रू आणि कॅप मिळून बेचाळीस हजार. यातले चौदा पहिल्याच वेळी विचारलं असतं तर बरेचसे वाचले असते.

आणखी एक मागून घ्या. स्क्रूच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं. त्याची एक प्रत फाइलमध्ये लावून मागा. उद्या डॉक्टर बदलले, गाव बदललं, तर कोणत्या पान्याने उघडायचं हे त्यावरूनच कळतं. माझं स्टिकर आधारकार्डाच्या पाकिटात आहे, आणि पुढच्या महिन्यात वर्षाच्या एक्स-रेला जाताना ते पाकीट बरोबर नेणार आहे. जाऊबाईही येणार आहेत, त्यांच्या हाडांच्या इंजेक्शनची तारीख लिहिलेला कागद घेऊन.