जुन्या घड्याळाची डायल: तशीच ठेवायची की रंगवून घ्यायची?

वडिलांच्या घड्याळाची काळी डायल तपकिरी पडलीय, रंगवून घेऊ का, असं एकाने विचारलं.

दिसायला नवा रंग लांबून झकास. भिंग लावलं की अक्षरं जाडसर, मिनिटांच्या रेघा तिरक्या, सहाखालचं बारीक ‘टी स्विस टी’ (स्विस बनावट, टी म्हणजे चमकत्या रंगातलं ट्रिटियम) गायब! मूळ छपाईचा नेटकेपणा क्वचितच जमतो. आणि उन्हाने आलेली ती तपकिरी छटा तर एकदा खरवडली की गेलीच. संग्राहक तिच्यासाठीच जादा मोजतात.

टिकण्याचं म्हणाल, तर मूळ डायलचा खरा शत्रू ओल. लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, गंज शिरला की डाग पसरत राहतो. काचेचं आणि मागच्या झाकणाचं सील बदललं तर बराच काळ निभावतं.

अंधारात चमकणारा रंग हे वेगळंच प्रकरण. जुन्या घड्याळांत त्यात ट्रिटियम किंवा रेडियम हे किरणोत्सारी द्रव्य असायचं. ट्रिटियमची अर्धायु (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) १२.३ वर्षं, म्हणजे सत्तरच्या दशकातलं घड्याळ आता मिणमिणतही नाही. रेडियमची सुमारे १६००! चमक गेली तरी किरणोत्सार चालूच, त्यामुळे ती डायल घरी खरवडायची नाही.

विकायचं असेल, आठवण जपायची असेल किंवा नुसता रंगच बदलला असेल, तर हात लावू नका. आकडेच वाचता येत नसतील आणि घड्याळ रोज वापरायचं असेल, तर खुशाल रंगवा.