बिझनेस अकाउंट कायमचं डिलीट करायचंय? इन्स्टा, फेसबुक, व्हॉट्सॲप बिझनेस आणि गुगल, चारही सोयींचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, धंद्याचं अकाउंट कायमचं डिलीट करायची सोय या चारही ठिकाणी आहे आणि ती फुकट आहे, त्यामुळे "पाचशे रुपयात परमनंट डिलीट करून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका. पण चारही ठिकाणचा प्रकार वेगवेगळा आहे, आणि कुठलं आधी कुठलं नंतर हे न ठरवता बटणं दाबत गेलं की मधेच अडकायला होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी हे सगळं केलं आमच्या वहिनींसाठी. गिरगावात त्यांचं शिवलेल्या नऊवारीचं आणि ब्लाउजचं दुकान होतं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, दुसरीकडे गाळा भाड्याने घेऊन नव्याने मांडामांड करायची त्यांची तयारी नव्हती, लेकीकडे पुण्याला जायचं ठरलं, आणि त्या म्हणाल्या की भाऊजी, ते ऑनलाइनचं पण सगळं बंद करून टाका, कुणी बिचारं वाट बघत बसायला नको. आता तुम्ही म्हणाल तसंच सोडून दिलं तर काय बिघडतं. बिघडतं हो. गिरगावची गुढीपाडव्याची शोभायात्रा सगळ्यांना माहितेय, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुलींचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, त्या सगळ्या साड्या कुणीतरी आधी शिवलेल्या असतात आणि ऑर्डरी महिना दीड महिना आधीपासून सुरू होतात. पेज उघडं राहिलं की मेसेज येत राहणार, उत्तर कुणी देणार नाही, आणि अशा ओसाड पडलेल्या अकाउंटचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला की त्याच फोटोंवर, त्याच नावावर ॲडव्हान्स मागायला किती वेळ लागतो? वीस वर्षं जपलेलं नाव आहे ते, त्याच्यावर कुणी दोन हजारांची का होईना फसवणूक केली तर गिऱ्हाईक वहिनींनाच नावं ठेवणार.

तर सुरुवात इन्स्टाग्रामपासून, कारण तिथली सोय मला त्यातल्या त्यात नीट वाटली. सेटिंग्जमध्ये वरतीच अकाउंट्स सेंटर दिसतं, त्यात पर्सनल डिटेल्स, मग अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, मग डिॲक्टिव्हेशन ऑर डिलिशन. ॲप अपडेट झालं की नावं थोडी इकडची तिकडे होतात पण रस्ता साधारण हाच. एकाच फोनवर घरातल्या दोघातिघांची अकाउंटं जोडलेली असतील तर कुठलं निवडतोय ते दोनदा बघा. मग दोन पर्याय येतात, डिॲक्टिव्हेट आणि डिलीट, आणि या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिॲक्टिव्हेट म्हणजे नुसतं लपवणं, पुन्हा लॉगिन केलं की सगळं जसंच्या तसं परत. डिलीट म्हणजे ३० दिवसांची मुदत, त्या काळात अकाउंट कुणाला दिसत नाही पण तुमचं मन बदललं तर लॉगिन करून रद्द करता येतं, आणि मुदत संपली की कायमचं गेलं. त्यानंतर सर्व्हरवरून सगळा डेटा पुसायला एकूण ९० दिवसांपर्यंत लागू शकतात असं कंपनी स्वतःच सांगते. ही ३० दिवसांची मुदत मला मनापासून पटते, कारण दुकान बंद करायचा निर्णय माणूस बऱ्याचदा रडवेला होऊन घेतो आणि आठवड्याने जरा शांत झाला की वेगळा विचार करतो.

बऱ्याच जणांचा असा समज आहे की आधी बिझनेस अकाउंट पर्सनल करायचं आणि मगच डिलीट होतं. तशी काही गरज नाही, थेट डिलीट होतं. उलट ज्यांना फक्त धंदा थांबवायचाय आणि फोटो, मित्रमैत्रिणी ठेवायच्यात त्यांनी डिलीट करूच नये, अकाउंट टाइप बदलून पर्सनल करावं, त्यात इनसाइट्सचे, म्हणजे पोस्ट किती जणांनी पाहिली वगैरे आकडे जातात पण पोस्ट राहतात. आणि थ्रेड्स वापरत असाल तर लक्षात ठेवा, इन्स्टा डिलीट झालं की त्याला जोडलेलं थ्रेड्स पण जातं.

डिलीट करायच्या आधी डेटा उतरवून घ्या, हे मी हात जोडून सांगतो. अकाउंट्स सेंटरमध्येच तुमची माहिती डाउनलोड करायची सोय आहे, तिथे तारखांची रेंज ऑल टाइम ठेवा, फोटोची क्वालिटी हाय ठेवा आणि फॉरमॅट एचटीएमएल घ्या म्हणजे साध्या ब्राउझरमध्ये उघडतं. लिंक यायला वेळ लागू शकतो आणि आली की थोडेच दिवस चालू असते, त्यामुळे आली रे आली की उतरवून पेनड्राइव्हवर टाका. वहिनींच्या पहिल्या पैठणी नऊवारीचा फोटो फोनमध्ये कुठेच नव्हता, तो या फाइलमध्ये मिळाला, त्या कितीतरी वेळ तो मोठा करून काठ बघत होत्या.

आता फेसबुक. इथे वेळ जातो, आणि तो डिलीटच्या बटणामुळे जात नाही, मालकी कुणाची या प्रश्नामुळे जातो. पेज डिलीट करायला तुमच्याकडे फुल कंट्रोल लागतो, पार्शल कंट्रोल असेल तर पोस्ट टाकता येतात, मेसेजला उत्तरं देता येतात, पण पेज उडवता येत नाही. आपल्याकडे छोट्या दुकानांची पेजेस कुणी बनवलेली असतात? भाच्याने, शेजारच्या कॉलेजच्या पोराने नाहीतर एखाद्या एजन्सीने. वहिनींचं पेज एका एजन्सीने बनवलं होतं आणि ते एजन्सीच्याच बिझनेस पोर्टफोलिओखाली, म्हणजे धंद्याची पेजेस आणि जाहिराती एकत्र सांभाळायच्या खात्याखाली ठेवलं होतं, वहिनींना नुसता पार्शल ॲक्सेस. फोन केला तर आधी टोलवाटोलवी, मग हँडओव्हरचे पैसे मागायला लागले. जिच्या सुईदोऱ्यावर ते पेज उभं राहिलं तिला स्वतःचंच पेज बंद करायला पैसे द्यायला लागावेत हे मला अजिबात सहन झालं नाही. शेवटी दुकानाच्या नावाची जुनी बिलं जोडून लेखी ईमेल केला, त्यात स्पष्ट लिहिलं की अमुक तारखेपर्यंत फुल कंट्रोल द्या, मग दिला. आत्ता ज्यांचा धंदा जोरात चालू आहे त्यांनी पण आजच पेजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फुल कंट्रोल कुणाकुणाकडे आहे ते बघून घ्या, नंतर भांडण झाल्यावर फार जड जातं.

फुल कंट्रोल असला की पुढचं सोपं आहे. आधी पर्सनल प्रोफाइलवरून पेजमध्ये स्विच करायचं, मग सेटिंग्जमध्ये डिॲक्टिव्हेशन अँड डिलिशन शोधायचं, डिलीट पेज निवडायचं. इथे पण ३० दिवस मिळतात. एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, पर्सनल फेसबुक अकाउंट डिलीट केलं आणि त्या पेजचा फुल कंट्रोल फक्त तुमच्याकडेच असेल तर पेज पण त्याबरोबर जातं. दोन बहिणींचा मिळून धंदा असेल आणि एकीला फेसबुकच नको झालं असेल तर तिने आधी दुसरीला फुल कंट्रोल द्यावा, मगच आपलं अकाउंट बंद करावं.

जाहिराती दिल्या असतील तर अजून एक पायरी. चालू ॲड आधी थांबवा, थकलेलं बिल असेल तर भरा, कार्ड काढून टाका, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी दिलेली असेल तर तिथे जाऊन रद्द करा. बिझनेस पोर्टफोलिओ ही पेजपेक्षा वेगळी वस्तू आहे, पेज गेलं म्हणून पोर्टफोलिओ जात नाही, तो बिझनेस सेटिंग्जमधून वेगळा डिलीट करावा लागतो आणि तिथे विचार बदलायला फक्त २४ तास मिळतात. एकाच कंपनीच्या दोन खोल्यांत एवढे वेगळे नियम का, हे मला पटत नाही आणि साध्या माणसाला ते समजावून सांगायला कुणी नसतं. सोयीसाठी इन्स्टाला ५ पैकी ४ देईन, फेसबुकला अडीच.

व्हॉट्सॲप बिझनेसची सोय सगळ्यात छोटी आणि सगळ्यात कडक. सेटिंग्ज, अकाउंट, डिलीट अकाउंट, नंबर टाका, संपलं. ३० दिवस वगैरे काही नाही, अकाउंट परत आणता येत नाही. प्रोफाइल, कॅटलॉग, चॅट, बॅकअप सगळं जातं, सगळ्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडता. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तुम्ही पाठवलेले मेसेज मात्र राहतात. नुसतं ॲप फोनमधून काढलं म्हणजे अकाउंट डिलीट झालं असं समजू नका, ते चालूच राहतं.

वहिनींच्या चॅटमध्ये गिऱ्हाइकांची मापं होती. छाती, कंबर, बाही, मुंढा, गळा किती खोल, कुणाला मागून हुक हवेत कुणाला पुढून, नऊवारीची उंची, शिवाय ट्रायलचे फोटो. या बायकांनी विश्वासाने पाठवलेलं ते सगळं. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, त्यात आपली माहिती पुसून टाकायला सांगायचा हक्क माणसाला दिलाय, मोठ्या कंपन्यांचं सोडा पण मला वाटतं प्रत्येक शिंप्याने, प्रत्येक पार्लरवालीने हे मनावर घ्यायला हवं. वहिनींनी जे केलं ते मला फार आवडलं. जुन्या गिऱ्हाइकांना त्यांची त्यांची मापं एकेका मेसेजमध्ये व्यवस्थित लिहून पाठवली, सोबत लिहिलं की ताई, दुकान बंद करतेय, हे तुमचं माप जपून ठेवा, नवीन टेलरला दाखवा. मग ट्रायलचे फोटो गॅलरीतून उडवले, आणि त्यानंतरच अकाउंट डिलीट केलं. काही जणींनी उलट फोन केले, एक आजी तर परळहून भेटायला आल्या. व्हॉट्सॲपला मी ३ देतो, काम चोख आहे पण माघारी फिरायला थोडी तरी मुदत हवी होती.

गुगलचं लोक विसरतात, आणि दुकान शोधायला तर सगळे मॅपच उघडतात. इथे दोन पर्याय आहेत आणि नेमका चुकीचा निवडला जातो. आपलं दुकान गुगलवर सर्च केलं की मालकाला प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये रिमूव्ह बिझनेस प्रोफाइल दिसतं, त्यात एक आहे दुकान कायमचं बंद झालं असं मार्क करणं आणि दुसरं आहे प्रोफाइलमधला मजकूर आणि मॅनेजर काढून टाकणं. दुसरं केलं की तुमचा ताबा जातो पण दुकान मॅपवर दिसत राहू शकतं, म्हणजे ठाकूरद्वारपर्यंत टॅक्सी करून आलेली बाई पत्र्याच्या कुंपणासमोर उभी. म्हणून आधी कायमचं बंद असं मार्क करा. मग लोकांना नावासोबतच स्पष्ट दिसतं की हे दुकान आता नाही, आणि ज्यांनी प्रेमाने रिव्ह्यू लिहिले ते पण राहतात. ही सोय मला सगळ्यात माणुसकीची वाटली, ५ पैकी साडेचार.

कुठे अडकलात, कंपनी दादच देत नसेल, किंवा तुमच्या नावाचं बनावट अकाउंट कुणी चालवत असेल, तर नुसतं रिपोर्ट बटण दाबून थांबू नका. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे या मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याने तक्रार मिळाल्याचं २४ तासांत कळवायचं असतं आणि साधारण ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवसांची होती). उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या ग्रीव्हन्स अपिलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पैशाची फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार.

क्रमाचं म्हणाल तर आम्ही असा लावला. आधी सगळीकडे दुकान बंद होतंय अशी पोस्ट टाकून ती पिन केली, राहिलेल्या ऑर्डरी पुऱ्या केल्या, ज्यांचे ॲडव्हान्स होते त्यांना परत दिले, डेटा उतरवला, मग ॲड आणि पेमेंट, मग पोर्टफोलिओ आणि फेसबुक पेज, मग इन्स्टा, गुगलवर बंद मार्क केलं, व्हॉट्सॲप बिझनेस सगळ्यांच्या नंतर. आणि दुकानाचं सिम त्याच्याही नंतर, कारण प्रत्येक ठिकाणचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज न करता नंबर असाच मरू दिला तर बंद झाल्यावर ९० दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने हे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलंय. म्हणून बँकेत, यूपीआयमध्ये, गॅस बुकिंगला, जिथे जिथे तो नंबर दिलाय तिथे आधी बदला. वहिनींचा नंबर बँकेत बदलायचा अजून बाकी आहे, ते झाल्याशिवाय सिम बंद करायचं नाही असं आमचं ठरलंय, तोवर छोटा रिचार्ज मारत राहायचा.